मदत हवी आहे: सिडनीला येणाऱ्या आजी-आजोबांसाठी कोळी चावण्याचा मराठी तक्ता

नोव्हेंबर ते एप्रिल फनेल-वेब या अतिशय विषारी कोळ्याचे नर बिळाबाहेर भटकतात, आणि याच दिवसांत अनेकांचे आई-वडील इकडे येतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर लावायचा एकपानी तक्ता करतोय. दोन शब्दांवर अडलंय.

मुख्य अडचण अशी की फनेल-वेब आणि रेडबॅक या दोन कोळ्यांचे प्रथमोपचार एकमेकांच्या उलट आहेत. सिडनीत मोठा, काळा, तुकतुकीत कोळी चावला तर तो फनेल-वेबच धरायचा. माणसाला जागचं हलू द्यायचं नाही. १० ते १५ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक पट्टी आधी चाव्यावर, मग बोटांपासून वर अख्ख्या हाताला किंवा पायाला, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट. वरून आधाराला काठी बांधायची आणि ००० या आपत्कालीन नंबरला फोन. गाडीपर्यंत चालवत नेलं तर स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरतं. तोंडाभोवती मुंग्या, लाळ, घाम, जीभ थरथरणं ही लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही. रेडबॅक (काळा, पाठीवर लाल पट्टा) चावल्यास मात्र पट्टी नकोच, वेदना वाढतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा आणि १३ ११ २६ या विषबाधा सल्ल्याच्या नंबरवर सल्ला घ्यायचा.

आता प्रश्न. 'स्प्लिंट'ला (ती आधाराची काठी) कामटी लिहू की फळी? विदर्भात, कोकणात, बेळगावकडे काय कळेल? दुसरं, 'घट्ट बांधा' वाचून कुणी साप चावल्यासारखी चाव्याच्या वर करकचून दोरी आवळली तर रक्तपुरवठाच तुटेल. 'आवळू नका, गुंडाळा' एवढ्याने भागेल का? इथे नर्सिंगमधलं कुणी असेल तर कृपया नेमकी वाक्यरचना सुचवा.