रुपयावरचे बारीक ठसे: राजाचे की सराफाचे?

जुनाबाजार
मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचा, सुरत टाकसाळीचा रुपया बघतोय. वजन ११.५ ग्रॅम. फारसी मजकुरावर चार ठसे आहेत: एक फूल, एक चंद्रकोर, दोन नुसत्या टिकल्या. विक्रेता 'राजचिन्ह' म्हणून दुप्पट दर सांगतोय. द्यावा का?

पारखी
अजिबात नको. दोन-तीन मिलिमीटरचे, हवे तिथे वाकडेतिकडे बसलेले ठसे सराफांचे. वर चांदी, आत तांबं असले खोटे रुपये फिरत असत. पंचाच्या (ठसा मारायच्या हत्याराच्या) घावाने पत्रा फाटून आतला धातू दिसे, आणि तोच ठसा सराफाची खूण. रुपया परत हाती आला की पुन्हा पारखायचं काम वाचलं! बट्टा (किमतीतली कपात) मात्र साल, टाकसाळ आणि झीज बघून लागे, ठशांवरून तो काढू नका.

ऐरण
ठसे तरी जुने आहेत का ते बघा. दहापट भिंग घ्या. घाव बसला की धातू बाजूला सरकून कडेला उठतो आणि बरोबर मागची नक्षी चपटी होते. जुन्या ठशाच्या तळाशी आजूबाजूसारखाच काळसरपणा असतो, उठलेली कडही झिजलेली. तळ चकचकीत आणि कड धारदार असेल तर ठसा हल्लीचा. ओतीव नकलेत मात्र मागचा चपटेपणाही साच्यातून जसाच्या तसा उतरतो. तिथे बारीक छिद्रं आणि काठावरची जोडरेषा शोधा.

नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला न टेकवता तोला. ११.५ ग्रॅमचं वजन साधारण १.१ ग्रॅमने घटलं तर चांदी ठीक. १.३ च्या आसपास घट म्हणजे आत तांबं. दोऱ्याला बुडबुडे चिकटले की आकडा फसतो. ॲसिड लावू नका, घासूही नका.

जुनाबाजार
मग राजाचा ठसा कसा ओळखायचा?

पारखी
जोगळटेंभीची नाणी बघा. नाशिकजवळ १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप. एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि भोवती त्याचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली). पारख करायला एवढा छाप लागत नाही. क्षत्रपाच्या चेहऱ्यावर आपलं नाव मारून तीच चांदी चालवली. खालून नहपानाचं नाक डोकावतं, तेच बघायला मजा येते. नकलाही याच्याच जास्त, सांभाळून.