ब्रश-साबणाची दाढी: फेस वाळतो, गळा लाल होतो आणि वस्तरा खुणावतोय

उलटा_हात

आजवर दाढी म्हणजे डब्यातला फसफसणारा फेस, पाच पात्यांचं कार्ट्रिज आणि आंघोळीआधी उरकायचं एक काम. आता मुद्दाम जुन्या पद्धतीकडे वळलोय. दोन भागांत उघडणारा सेफ्टी रेझर, डुकराच्या केसांचा ब्रश, डबीतला घट्ट साबण आणि सगळ्यात धारदार म्हणून नावाजलेली पाती असा सरंजाम जमवलाय. मजा येतेय, पण तीन ठिकाणी गाडी अडलीय.

एक, फेस. ब्रश फिरवला की वाटीभर फेस उभा राहतो, बघून बरं वाटतं. पण उजवा गाल होईपर्यंत डाव्या गालावरचा फेस सुकून पापुद्रा धरतो.

दोन, गळा. गाल छान होतात, पण जबड्याखाली, त्यातही डावीकडे जास्त, लाल पुरळ येतं आणि दिवसभर आग होते. सगळीकडे वरून खाली एक हात आणि मग खालून वर एक हात असा क्रम ठेवलाय.

तीन, सरळ वस्तरा. व्हिडिओ बघून बघून हात शिवशिवतायत. आताच घ्यावा का?

शिवाय ब्रशला जनावराचा वास येतो, तो जातो का?

फेस_आधी

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक विनंती: आता महिनाभर नवीन काही घेऊ नका. या छंदात लोक फेस शिकण्याआधी साबणांचं कपाट भरतात. रोज रेझर वेगळा, पातं वेगळं, साबण वेगळा असला तर आज गळा का सोलला हे कळणार कसं? एक रेझर, एक ब्रश, एक साबण. बदल करायचाच तर फक्त पात्यात, तोही आत्ता एकदाच: ती अतिधारदार पाती बाजूला ठेवा आणि जरा मवाळ पाती आणा. हात बसला की धारदार पात्यांची खरी मजा येते.

आता फेस. तुमचा फेस उंच उभा राहतो हाच त्याचा दोष आहे. त्यात हवा भरपूर, साबण कमी आणि पाणी त्याहून कमी. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पितो. कोरडाच वापरायला घेतला तर फेसातलं पाणी तो स्वतः ओढून घेतो. म्हणून तोंड धुवायच्या आधीच तो कोमट पाण्यात उभा करून ठेवा. मग हलकेच पिळा, निथळून कोरडा करू नका, आणि साबणावर फिरवा. सुरुवातीला मोठमोठे बुडबुडे येतील, तेव्हा थांबायचं नाही. अर्धा मिनिट तरी फिरवा. बुडबुडे जाऊन केसांच्या टोकांना पांढरा, चिकट लगदा धरला की साबण पुरेसा आला.

मग थेट गालावर ब्रश फिरवा आणि फक्त टोकं पाण्यात बुडवत थेंब थेंब पाणी वाढवा. इथे डोळे उघडे ठेवायचे. आधी फेस मॅट दिसतो, रंग लावल्यासारखा. पाणी वाढत गेलं की त्यावर ओली चकाकी येते. ती चकाकी म्हणजे तयार फेस. चिमटीत घेऊन बोटं घासून बघा, बोट बोटावरून सटकलं पाहिजे. त्यापुढे पाणी घातलंत तर फेस ओघळायला लागतो, आणि ती हद्दही एकदा मुद्दाम ओलांडून बघावी, म्हणजे कुठे थांबायचं ते हाताला कळतं.

एवढं करूनही फेस बसत असेल तर नळाचं पाणी जड असणार. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांना धरतात आणि न विरघळणारा चोथा तयार होतो, बादलीच्या कडेला पांढरट थर साचतो तोच. खात्री करायची तर एकदा डिस्टिल्ड वॉटर घेऊन फेस करा. फरक पडला तर दोष हाताचा नाही. मग घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए असलेला साबण बघा, तो हे क्षार बांधून ठेवतो. आणि ब्रश आहे म्हणून आंघोळीचा साबण त्यावर घासू नका. दाढीच्या साबणात बहुधा स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात उतरवलेलं असतं, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो.

गळा. वरून खाली म्हणजे सुलटं, केस वाढतात त्या दिशेने, हे गालावर खरं. गळ्यावर बऱ्याच जणांचे केस आडवे जातात, खालून वर येतात, नाहीतर चक्क भोवरा असतो. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट अडकतं ती उलटी. कागदावर जबड्याचं चित्र काढून बाण मारून ठेवा, हसू नका, उपयोग होतो. माझी पैज आहे की डावीकडे तुमचा पहिलाच हात उलटा पडतोय. पुरळ जाईपर्यंत गळ्यावर एक सुलटा आणि एक आडवा हात, बस. उलटा हात तुमच्या नावापुरताच राहू द्या. ताणलेल्या त्वचेवर उलट्या हाताने केस फार खालून कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना वळून त्वचेतच घुसतो.

दाब अजिबात नको. कार्ट्रिजचं डोकं गालाप्रमाणे हलतं, त्यामुळे हाताला दाबायची सवय लागलेली असते. सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही, कोन तुम्हालाच धरायचा. डोक्याची वरची टोपी गालाला टेकवून मूठ चेहऱ्याशी काटकोनात धरा आणि मूठ हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा करकर आवाज आला की थांबा. पातं आणि त्वचा यांच्यात साधारण ३० अंश होतात. मी तर कानानेच दाढी करतो. आवाज बंद झाला की कोन सुटला. मूठ शेवटाकडे दोन-तीन बोटांत धरलीत तर मनात असूनही फार दाबता येत नाही.

डावीकडेच जास्त त्रास का, याचं आणखी एक कारण असू शकतं. पातं बसवून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा आणि दोन्ही कडा किती बाहेर आल्यात ते बघा. एक बाजू जास्त डोकावत असेल तर ती बाजू सोलणारच. दुधारी पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, त्याला स्वतःचा ताठपणा नाही. टोपी आणि तळपट्टी त्याला वाकवून धरतात तेव्हा तो येतो. इतक्या पातळ पत्र्याला धार देता येणार नाही असं हा रेझर काढणाऱ्या जिलेटला जाणकार सांगत होते. धार लावायचं यंत्र विल्यम निकरसन या इंजिनिअरने जमवलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पेटंट १९०४ चं. तर आवळताना टोपीच्या दोन्ही टोकांना धरा, पात्याच्या कडांना नाही, आणि सरळ बसलं नाही तर सैल करून पुन्हा आवळा.

ब्रशचा वास चार-सहा वेळा साबणाने फेस करून रात्रभर तसाच ठेवून धुतलात की जातो. केसांची टोकंही हळूहळू फाटून मऊ होतात.

पट्टा_आणि_पाटा

वस्तऱ्याबद्दल मी बोलतो, कारण वरचे गृहस्थ त्या वाटेला जात नाहीत.

वस्तरा घेणं म्हणजे वस्तरा, पट्टा आणि कालांतराने धारेचे दगड घेणं. प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवरच वळवायचा. धारेवर वळवलात की पट्टा कापला आणि धारही गेली. दगडाचं काम निराळं: १००० नंबरच्या दगडावर धारेचा उतार बसवायचा, मग चढत्या क्रमाने ८००० किंवा १२००० पर्यंत (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). सुरुवातीला हे दुसऱ्याकडूनच करून घ्या. 'कारखान्यातून धार लावून आलाय' यावर विसंबू नका, दाढीच्या लायकीची धार वेगळी असते. रुंदी ५/८ इंचाची घ्या, हाताला आटोपशीर.

अर्धं पातं बसणारा बदलत्या पात्याचा वस्तरा आधी घेऊन बघू, असं बरेच जण म्हणतात. दगड-पट्ट्याचा खर्च आणि कटकट वाचते हे खरं. पण तो जास्त माफ करतो असं समजू नका. हलक्या अंगाचा आणि कडक धारेचा असल्याने तो उलट चटकन लागतो.

माझं मत: गळ्याचा नकाशा पाठ होईपर्यंत थांबा. मग फक्त कल्ल्यांपासून गालापर्यंत वस्तरा, बाकी सेफ्टी रेझर. हनुवटी सगळ्यात शेवटी. तिथे वळण आहे, केस राठ आहेत आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणायला जागा नाही.

गुडघ्याची_वाटी

पुरुषांच्या धाग्यात घुसतेय. मी पायांसाठी सेफ्टी रेझर वापरते. बायकांसाठीचा पहिला जिलेट १९१५ साली आला, म्हणजे हे काही नवं फॅड नाही. गुडघा वाकवून आणि घोट्याजवळ छोटे छोटे हात, बाकी वर लिहिलंय तेच.

पण ब्रशबाबत माझा विरोध. सिंथेटिक घ्या. भिजवायला लागत नाही, पाणी पीत नाही, लवकर वाळतो, वास नाही. नव्या माणसाला फेस शिकायला तोच सोपा. जनावराच्या केसांचं प्रेम मला कळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता, माहीत आहे ना?

आणि वापरलेली पाती तशीच कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला वर फट पाडा, त्यातून टाकत जा, भरला की चिकटपट्टीने बंद करून टाका.

फेस_आधी

अँथ्रॅक्सचं खरं आहे, पण ते निर्जंतुक न केलेल्या केसांमुळे झालं. आज तो मुद्दा राहिलेला नाही. सिंथेटिक सोपा, मान्य. तरी त्यांनी ब्रश घेतलाच आहे तर तो वापरू द्या, नाहीतर माझ्या 'नवीन काही घेऊ नका'चं काय झालं?

उलटा_हात

पातं खरंच तिरकं बसत होतं, एक बाजू उघड दिसण्याइतकी बाहेर. आता बघून आवळतो. मवाळ पाती आणली. डिस्टिल्ड पाण्याने काही फरक पडला नाही, म्हणजे दोष माझ्याच हाताचा. पाणी वाढवल्यावर फेस शेवटपर्यंत ओला राहतो. गळा बराच निवळला, पण कंठमण्याच्या डावीकडे एवढुशा जागी अजून लाल होतंच. तिथे भोवरा आहे. तुरटी फिरवली की नेमकं तिथेच झोंबतं. तुरटी बंद करू?

फेस_आधी

बंद करू नका, ती चुगली करतेय. जिथे झोंबतं तिथे पात्याने त्वचा खरवडलीय. ओली तुरटी फिरवून अर्धा मिनिट ठेवा, मग धुऊन टाका. तशीच वाळू दिली तर त्वचा ओढली जाते. आफ्टरशेव्ह अल्कोहोलचा असेल तर सध्या नको, बिनअल्कोहोलचा बाम चालेल.

भोवऱ्याला एकच एक सुलटी दिशा नसते. तेवढ्या जागी त्वचा बाजूला, कानाकडे ओढून सपाट जागी आणा आणि बोटाच्या पेराएवढे हात मारा, दर वेळी ताजा फेस लावून. तरी राहिलेच खुंट, तर राहू द्या. पू धरलेल्या पुटकुळ्या दिसल्या तर मात्र तेवढ्या जागी दाढी थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पट्टा_आणि_पाटा

आणि वस्तरा?

उलटा_हात

पट्टा घेतलाय. फक्त पट्टा. जुन्या लोणी-सुरीवर पाठ पुढे, धार मागे गिरवतोय.