एकच डिस्ट्रिक्ट, तरी एका शाळेला ९ आणि दुसरीला ५?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेत घर शोधतोय. स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था) एकच, सुपरिंटेंडंट एक, अभ्यासक्रम एक, तरी शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स वेबसाइटवर एका एलिमेंटरीला (प्राथमिक शाळेला) ९ आणि शेजारच्या शाळेला ५. नऊवालीच्या हद्दीतली घरं आवाक्याबाहेर आहेत. पाचवालीत खरंच नीट शिकवत नाहीत का?

~~~

दादा, त्या आकड्यावर घर ठरवू नका. शाळेत कोणत्या घरांतली मुलं येतात, हेच त्यात बरंचसं उमटतं. अमेरिकी सरकारने करवून घेतलेल्या १९६६च्या कोलमन अहवालापासून हे सांगितलं जातंय. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांच्या अभ्यासातही सरासरी गुण आणि घरची सांपत्तिक स्थिती यांचं नातं घट्ट निघालं. मुलं वर्षभरात किती पुढे सरकली, याचं मात्र बरंच सैल.

राज्य प्रत्येक शाळेची माहिती देतं, ते रिपोर्ट कार्ड उघडा. शाळांविषयीच्या २०१५च्या एसा (ESSA) या केंद्रीय कायद्यामुळे निकाल गटवार द्यावे लागतात. समजा, नऊवालीत शंभरात ५ मुलं अजून इंग्लिश शिकणारी (घरची भाषा वेगळी असलेली) आहेत, पाचवालीत ४०. दोन्हीकडे त्या गटातली निम्मी आणि बाकीच्यांतली ९० टक्के मुलं राज्याच्या परीक्षेत प्रोफिशियंट (अपेक्षित पातळी गाठलेली) ठरली, तर एका शाळेचा निकाल ८८ टक्के, दुसरीचा ७४. शिकवण्यात काडीचा फरक नसताना १४ टक्क्यांची दरी! शिवाय इंग्लिश जमायला लागलं की मूल कालांतराने त्या गटातून बाहेर पडतं, म्हणजे गट कायम मागेच दिसणार. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कोणी बोलत नाही, नुसते स्क्रीनशॉट फिरतात.

~~~

ताईंचं गणित पटलं, पण सगळा फरक कागदावरचाच असतो असं नाही हं. गरीब वस्तीतल्या शाळांत नवखे शिक्षक जास्त आणि ते टिकतही कमी. त्यांना टायटल वनचा (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा केंद्राचा) निधी मिळतो, पण दर वर्षी नवी बाई आली की मुलांची घडी विस्कटतेच. सधन भागातल्या पीटीएचे (पालक-शिक्षक संघाचे) पैसे डिस्ट्रिक्टभर वाटले जातातच असं नाही, तेही आहेच. त्याच रिपोर्ट कार्डावर अननुभवी शिक्षकांचं प्रमाण आणि दर मुलामागे शाळेचा खर्च असतो, तोही बघा. मग प्रिन्सिपलना भेटून सरळ विचारा, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले?

आणि दादा, नऊवालीसाठी कर्ज फुगवण्याआधी स्कूल बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं चाळा. पटसंख्या वाढली-घटली की हद्दी नव्याने आखतात. घर तिथेच राहतं, शाळा बदलते.