मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतले 'दोन आळशी' कोण? (१२७ दातांचा गिअर)

नमस्कार मंडळी. आधी कोडं टाकते, रामायण नंतर. आबाजींच्या (माझे आजोबा) वहीत एका पानाच्या तळाशी निळ्या शाईत एवढंच लिहिलंय:

१२७ : ३९ वर १३. मागे ५६, बाजूला २४. दोन आळशी. खिट्टी काढणे.
११३ : तेच. एक आळशी.

यातलं कुणाला काही कळतंय का? आमच्या घरात दोनच अर्थ निघाले. बाबांच्या मते आळशी म्हणजे काका, आणि काकांच्या मते बाबा. 'दोन' म्हटल्यावर दोघंही गप्प.

आता रामायण. नागपूरला बगडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक शेपर, एक ड्रिल, आणि पत्र्याखाली मे महिन्यात भाजून निघणारे आम्ही. आबाजी एम्प्रेस मिलच्या मशीन शॉपमध्ये टर्नर होते. तिथून बाहेर पडून त्यांनी सेकंडहँड इंग्लिश लेथ घेतला, तो अजून चालतो. लीड स्क्रू (आटे कापताना हत्यार पुढे नेणारा लांब स्क्रू) इंची, इंचाला चार आटे. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत. मी बी.कॉम. बिलं करायला म्हणून आले आणि लेथवर उभी राहिले, त्यालाही पंधरा वर्षं झाली.

या म्हाताऱ्या लेथवर आमचं घर कसं चालतं, असं पुष्कळ लोक विचारतात. विदर्भातल्या जुन्या जिनिंगमध्ये आणि कळमन्याच्या काही दालमिलमध्ये अजून इंची माप जिवंत आहे. तिथल्या बोल्टचे आटे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, ५५ अंशाचे. बाजारात मिळणारा ६० अंशाचा मेट्रिक नट त्यावर दोन फेरे चढतो आणि अडकतो. सीएनसीवाल्याला एक नग नको असतो, त्याला पाचशे हवेत. मग गिऱ्हाईक तुटका तुकडा रुमालात बांधून आमच्याकडे येतं. 'दोन सूत जाड ठेवा' अशा भाषेत बोलणारी माणसं अजून आहेत, आणि मला ती आवडतात.

पण मेट्रिक कामंही येतातच. त्यासाठी लेथला एक १२७ दातांचा गिअर आहे. आबाजींनी तो मुंबईहून मागवला होता असं बाबा सांगतात. तोच आता तुटला. हिंगणघाटच्या एका जिनिंगचं काम होतं: ६ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) ट्रॅपेझॉयडल स्क्रू, ६०० मिमी लांब, नट त्यांचाच. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे कापताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा उघडझाप नट) मधेच उघडायचा नसतो, आटे चुकतात. प्रत्येक कटनंतर मोटर उलटी फिरवून कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा भाग, मागे आणावं लागतं. आमच्या आयटीआयच्या पोट्ट्याने चक पूर्ण थांबायच्या आत उलटं बटण दाबलं. त्याच्याआधी शंभरदा दाबलं असेल, या वेळी तीन दात गेले. बिडाचा गिअर, वाकत नाही, सरळ तुटतो.

एका वायरकटवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, 'दीड मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे दाताचं मेट्रिक माप) करून देतो, चालून जाईल.' मला शंका आली म्हणून थांबले. गिअरचा बाहेरचा व्यास झिजून २०४.६ मिमी भरतोय. जाडी पाऊण इंच, भोक एक इंच, चावीसह.

तर प्रश्न असे. दीड मॉड्यूल चालेल का? आणि वहीतली ओळ याच गिअरबद्दल असेल, तर तो इथेच, आमच्या मिलिंगवर कापता येईल का? आबाजींचं डिव्हायडिंग हेड (गोलाचे सारखे भाग पाडायचं साधन) आहे. त्याच्यासोबत लाकडी पेटीत बारा सुटे गिअर आहेत. दर खंडेनवमीला त्या पेटीला हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो, पण ती उघडत कुणी नाही. बाबा डिव्हायडिंग साध्या आकड्यांचंच करतात, २४, ३६, ४०. पुढचं आबाजी स्वतः करायचे, दार लोटून.

जुना मिलर:
ताई, दीड मॉड्यूल अजिबात नको. १२७ अधिक २ म्हणजे १२९. त्याला १६ ने भागलं की ८.०६२५ इंच, म्हणजे २०४.८ मिमी. तुमचा गिअर १६ डीपीचा आहे, डीपी म्हणजे दाताचं इंची माप. दीड मॉड्यूलचा असता तर व्यास १९३.५ भरला असता. बाकीच्या गिअरांशी त्याचा दात जुळणारच नाही, पहिल्याच फेऱ्यात आणखी चार दात द्याल.

आणि तुमचे आजोबा मोठा माणूस! आळशी म्हणजे आयडलर हो. मधे नुसते फिरणारे, गुणोत्तराला हात न लावणारे गिअर. आता ओळ वाचा. डिव्हायडिंग हेडचा क्रँक ४० फेरे फिरला की स्पिंडल एक फेरा फिरतो. १२७ ही मूळ संख्या, त्यामुळे साध्या प्लेटवर (क्रँकमागची भोकांची चकती) ती बसत नाही, १२७ भोकांची प्लेट कोण देणार? म्हणून १२० कापायचे असं समजून चालायचं. ४० भागिले १२०, म्हणजे एक तृतीयांश फेरा, म्हणजे ३९ भोकांच्या वर्तुळावर १३ भोकं. उरलेला फरक भरायला प्लेटच उलटी सरकवायची. स्पिंडलच्या मागे ५६ चा गिअर, बाजूच्या शाफ्टवर २४ चा. स्पिंडलच्या एका फेऱ्यात प्लेट सात तृतीयांश फेरे मागे जाते. हिशेब करा: १२७ चा तिसरा हिस्सा ४२.३३, त्यातून २.३३ वजा, बरोबर ४०.

खिट्टी म्हणजे प्लेट जागेवर धरणारी पिन. ती काढली नाही तर प्लेट फिरणार नाही आणि काहीतरी मोडेल.

बुटीबोरी_फिटर:
एवढा खटाटोप कशाला? लेथवर १२७ च्या ऐवजी ३७ आणि ४७ दातांची जोडी लावा, ६० आणि ५० सोबत. ६ मिमीच्या जागी अगदी थोडा कमी पिच येतो. ६०० मिमीला साधारण ०.१३ मिमी फरक पडेल, पण नट जेमतेम ७५ मिमीचा असेल तर त्याच्या लांबीत दोन शतांश मिमीसुद्धा धड नाही. गिऱ्हाइकाला कळणार नाही.

मी:
@जुना मिलर, वाचून अंगावर काटा आला. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून पेटी उघडली. ५६ आहे, २४ चे दोन आहेत, भोकांची प्लेटही तीच. म्हणजे सगळं इतकी वर्षं समोरच होतं.

@बुटीबोरी_फिटर, तुमचा हिशेब बरोबर आहे, नट ७२ चाच आहे. पण ३७ आणि ४७ माझ्याकडे नाहीत. बाबा म्हणाले, "एक गेर वाचवाले दोन गेर कापू का?"

पण ती दुसरी ओळ? ११३ ला एकच आळशी का?

जुना मिलर:
एक आयडलर काढला की प्लेट उलटी जायच्या ऐवजी क्रँकच्याच दिशेने जाते. तेच गिअर, तीच १३ भोकं, पण मग ४० मधून २.३३ आधीच भरले जातात. उरले ३७.६७, त्याचे तीन पट ११३. म्हणून आधी हाताने फिरवून पाहा. क्रँक उजवीकडे तर प्लेट डावीकडे गेली पाहिजे. नाहीतर १२७ च्या ब्लँकवर (दात न कापलेली चकती) ११३ दात कापून बसाल. क्रँक नेहमी एकाच दिशेने फिरवा, भोक चुकलं तर मागे जाऊन पुन्हा पुढे या, लॅश (गिअरांमधली ढिलाई) खाल्ला पाहिजे.

कटर घेताना सांभाळा. डीपीमध्ये १२७ ला २ नंबरचा कटर लागतो, ५५ ते १३४ दातांचा. मॉड्यूलमध्ये नंबर उलटे असतात, तिथे त्याच दातांना ७ नंबर. दुकानदार गोंधळतो. दाताची खोली ३.४२ मिमी. दाताचा कोन बघा, जुन्या इंग्लिश गिअरांचा बहुधा साडेचौदा अंशाचा असतो, वीसचा नाही.

लेथवाली_अकोला:
स्टीलचा करू नका, बिडाचाच ठेवा. उद्या पोट्ट्याने पुन्हा बटण दाबलं तर गिअरचे दात जातील, लीड स्क्रू वाचेल.

मी (बारा दिवसांनी):
कटर मिळाला, साडेचौदाचा, २ नंबर. दुकानदाराने खरोखरच आधी ७ नंबर काढून दिला होता.

थेट बिडावर हात टाकला नाही. आधी प्लायवूडच्या चकतीवर नुसत्या रेघा मारल्या. पहाटे पाचला सुरू केलं, कारण दहानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. मी क्रँक फिरवायची, बाबा मोजायचे आणि दर दहाला खडूने खूण करायचे. "घाई काहून करतं वं? प्लेट मांगं सरकली का पाय." १२७ वी रेघ मारून आणखी एकदा क्रँक फिरवला, सुई पहिल्या रेघेवर आली. केसभरसुद्धा फरक नाही. बाबांनी दोनदा चष्मा पुसला.

गिअर दोन दिवसांनी कापला. स्क्रू परवा हिंगणघाटला गेला.

एक राहिलं. तुटलेला गिअर रॉकेलमध्ये धुताना भोकाच्या कडेला तेलकट काजळीखाली ठोकलेले आकडे दिसले: १२७. देवनागरी. मुंबईहून मागवलेला म्हणे! काकांना फोटो पाठवलाय. त्यांचं म्हणणं, पंच मारताना गिअर त्यांनीच धरला होता, म्हणजे आळशी ते नाहीतच. बाबा म्हणतात, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

पोट्ट्याला सध्या चक थांबेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायला लावलंय. नऊपर्यंत जातो.