मदत हवी आहे: पॅट चाचणीचे गुण पालकांनी कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. मुलगी चौथीला. राज्यभर होणाऱ्या पॅटच्या (नियतकालिक मूल्यांकन चाचणी) भाषा, गणित, इंग्रजीच्या निकालावरून परवाच्या बैठकीत बराच वाद झाला. गणितात वर्गाची सरासरी उत्तम, पण हातच्याची वजाबाकी निम्म्या पोरांना येत नाही, हे आम्ही घरी रोज बघतोय.

आता पेपर पुण्याहून, राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेकडून येतो, पण घेणारे, तपासणारे आणि गुण ऑनलाइन भरणारे त्याच शाळेतले शिक्षक. त्यात कमी गुण दिसले की वरून विचारणा होणार. मग कोण कशाला कमी भरेल? बाईंना दोष देत नाही, दोन वर्ग एकट्या सांभाळतात.

४ डिसेंबर २०२४ ला देशभर झालेलं 'परख' हे मुलांना किती येतं ते बघणारं सर्वेक्षण नमुना पद्धतीचं, म्हणजे निवडक शाळांतलंच, तेही तिसरी, सहावी आणि नववीचं. त्यातून आमच्या शाळेचं काहीच कळत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. त्यासाठी प्रश्ननिहाय निकाल, म्हणजे कुठल्या प्रश्नात किती मुलं अडली ते, मुख्याध्यापकांकडे मागता येईल का? कुणी मागितलाय का? तपासलेल्या उत्तरपत्रिका पालकांना दाखवतात का तुमच्याकडे? आणि बाईंवर बालंट न येता हे केंद्रप्रमुखांपर्यंत (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) कसं न्यावं? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा, इनबॉक्समध्येही चालेल.