जनसुनावणीत माईक काढून घेतला तर?

डिचोलीकर: आमच्या गावात खाणीच्या पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी लागली आहे. बाहेरगावच्यांना बोलू देणार नाहीत, असं कानावर आलंय. तसं करता येतं का? मराठीत बोललं तर चालेल? नंतर बदनामीचा खटला झाला तर?

कुळागर: १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेचं परिशिष्ट ४ छापून सोबत न्या. जागेवर हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पाबद्दल माहिती वा खुलासा मागण्याची संधी द्यायची, असं त्यात लिहिलंय. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला प्रतिनिधी असतो. त्यांनी वेळ वाटून दिली, स्थानिकांना आधी बोलावलं, तर तक्रार नको. पण सरसकट नकार दिला तर परिशिष्टातलं ते वाक्य माईकवर वाचून दाखवा. चित्रीकरण सक्तीचं असल्याने ते नोंदलं जातं. मुद्द्यांचं टिपण स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत होतं, त्यामुळे मराठी, कोंकणी बिनधास्त बोला.

सत्तरी_पाणी: भाषणापेक्षा नोंद महत्त्वाची! इथे गणपूर्ती नाही, मतदान नाही. तीनशे जणांनी "खाण नको" म्हटलं तरी कागदावर एकच ओळ उरते. त्याऐवजी कंपनीच्या ईआयए अहवालाचं पान सांगा: "इथे झर नाही असं लिहिलंय, अमुक सर्व्हे नंबरात बारमाही झर आहे, त्यावर खालची कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) जगतात." अशा हरकतीला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. अहवाल पंचायतीत, जिल्हा पंचायतीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाहायला मिळतो. लेखी हरकतीच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

आणि कृपा करून शेवटपर्यंत थांबा. गोषवारा शेवटी लोकांसमोर वाचून समजावायचा असतो, त्याच दिवशी सही होते. लोक जेवायला निघून जातात आणि गाळलेला मुद्दा तसाच राहतो. आपला मुद्दा नसेल तर तिथेच उठून सांगा.

फोंडा_कायदा: बदनामीबद्दल: राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) चं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, पण आमदारांना सभागृहात मिळतं तसं कवच जनसुनावणीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेनं केलेली टीका त्यातून वगळलेली आहे. "अमक्याने पैसे खाल्ले" पुराव्याशिवाय म्हणू नका, "हा नकाशा कोणत्या तारखेच्या पाहणीवर काढला?" हे कितीही जोरात विचारा.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी हवी, तेही तपासा. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादात ३० दिवसांत अपील करा. गोव्याची प्रकरणं पुण्याच्या पीठाकडे जातात.