जैवतंत्रज्ञान + उद्योग व्यवस्थापन: कोकणातल्या कॉलेजात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा उभारावा?

खाडीकिनारा

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका संलग्न कॉलेजसाठी (स्वायत्तता नाही) नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा करायचा आहे. जैवतंत्रज्ञान आणि उद्योग व्यवस्थापन दोन्ही एकत्र, तुकडी 20 जणांची, विनाअनुदानित तत्त्वावर. येणारी मुलं बहुतेक बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणीशास्त्र) आणि थोडी मत्स्य किंवा कृषी पदवीची.

पदवीचं नाव काय ठेवावं? व्यवस्थापनाला किती श्रेयांक (क्रेडिट) द्यावेत? आणि मुख्य म्हणजे दोन अर्धे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवल्यासारखं होऊ नये, यासाठी काय करावं?

पऱ्ह्याकाठ

नावाचं आधी, कारण तिथे चुकलात तर पुढचं सगळं अडतं. नावात ‘एमबीए’ आलं की एआयसीटीईची (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) मान्यता आणि राज्याची सीईटी लागते. 20 जणांच्या तुकडीसाठी तो भार कशाला? एम.एस्सी. पदवी आणि कंसात ‘जैवतंत्रज्ञान व उद्योग व्यवस्थापन’ हा सरळ मार्ग. कॉलेज संलग्न असल्याने महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 च्या कलम 109 प्रमाणे नव्या अभ्यासक्रमाची परवानगी घ्यावी लागेल आणि विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात (कुठे कोणते अभ्यासक्रम उघडायचे याची योजना) त्याला जागा हवी. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद दोन्हीकडून मंजूर व्हायला हवा. ही मंजुरी हातात येण्याआधी प्रवेशाची जाहिरात देऊ नका.

श्रेयांकांची चौकट राज्याने ठरवून दिली आहे: दोन वर्षांचे 88, दर सत्राला 22. त्यात अनिवार्य विषय 54, ऐच्छिक 16, संशोधन पद्धती 4, कार्यप्रशिक्षण 4, संशोधन प्रकल्प 10. व्यवस्थापनाला अनिवार्यमधले 16 ते 18 आणि ऐच्छिकमधले 8 द्या. त्याहून जास्त दिलेत तर पिपेट नीट न धरता येणारी एम.एस्सी. तयार होईल, आणि कंपनी तिला प्रयोगशाळेतही घेणार नाही, विक्रीतही नाही.

क्रम फार महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रात ‘व्यवस्थापनाची तत्त्वे’ आणि ‘विपणन’ टाकतात. मुलं व्याख्या पाठ करतात, विसरतात. त्याऐवजी पहिल्याच सत्रात परिव्यय लेखांकन (उत्पादन खर्चाचा हिशोब) आणि संख्याशास्त्र घ्या, कारण विज्ञानाच्या मुलाने ताळेबंद कधी पाहिलेलाच नसतो. दुसऱ्यात गुणवत्ता व्यवस्था आणि नियमन, तिसऱ्यात बौद्धिक संपदा, प्रकल्प वित्त आणि तांत्रिक-आर्थिक विश्लेषण. विपणन ऐच्छिक राहू द्या.

आता जोडाचा प्रश्न. माझं ठाम मत आहे की जोड वेगळा विषय काढून होत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत शेवटचा रकाना रुपयांचा असला की आपोआप होतो. ऊतीसंवर्धनाचं (निर्जंतुक बाटलीत छोट्या तुकड्यापासून रोपं वाढवणं) उदाहरण घ्या. दर चक्रात एका रोपाची तीन होत असतील तर सहा चक्रांत 729 व्हायला हवीत. प्रत्येक चक्रात 5 टक्के बाटल्या बुरशी-जिवाणूंनी गेल्या तर हातात सुमारे 536 उरतात, 10 टक्के गेल्या तर सुमारे 387. मजुरी, वीज, साखर, अगार यांवरचा खर्च जवळपास तेवढाच, माल निम्म्यावर. हे गणित मुलाने स्वतःच्या बाटल्या मोजून केलं की लॅमिनारसमोर (गाळलेल्या निर्जंतुक हवेचं कपाट) बसताना हात का धुवायचे हे पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रकल्पालाही हेच. मार्गदर्शक दोन, अहवाल एक, तोंडी परीक्षा एकत्र. दोन वेगळे अहवाल मागितलेत तर मुलं दुसरा शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून भरतील.

मुरूड_माड

वरच्या प्रतिसादाशी सहमत. प्रकल्पाचे विषय आसपासच्या मालातून घ्या, कच्चा माल हाताशी असतो आणि आकडे खोटे लिहिता येत नाहीत.

कोळंबीच्या सालांपासून कायटोसान (कवचातल्या कायटिनपासून मिळणारा पदार्थ) हा विषय सगळीकडे दिला जातो, पण अर्धवट. प्रक्रिया अशी: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, 3-4 टक्के कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, मग 40 ते 50 टक्के कॉस्टिकमध्ये गरम करून असिटिल गट काढायचे. बाकावर 50 ग्रॅमला सगळं छान होतं. 100 किलोला गेलात की पैसा सालांत नसतो, तो कॉस्टिकमध्ये, धुण्याच्या पाण्यात आणि ते पाणी उदासीन करण्यात जातो. मुलाने धुण्याचं पाणी लिटरमध्ये मोजून लिहिलंच पाहिजे. दुसरी अडचण पुरवठ्याची. ओली सालं उन्हात काही तासांतच कुजायला लागतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मग दोन महिने कारखाना कशावर चालणार? सुकवून साठवायची, की तळ्यांत वाढवलेल्या वनामी कोळंबीवर भिस्त ठेवायची? प्रयोगशाळेत हा प्रश्न पडतच नाही.

आणखी एक चांगला विषय: कोळंबी बीजाची (तळ्यात सोडायच्या पिल्लांची) पीसीआर तपासणी, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून विषाणू शोधणं. मोठ्या खेपेत 5 टक्के पिल्लं विषाणूबाधित असतील तर 95 टक्के खात्रीने किमान एक बाधित सापडायला सुमारे 60 पिल्लं तपासावी लागतात. 2 टक्केच बाधित असतील तर सुमारे 150. पाच-पाच पिल्लं एकत्र करून चाचण्या कमी करता येतात, पण फार एकत्र केली तर क्षीण संकेत हरवतो. आता एका चाचणीचा खर्च आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळं बसल्यावरचा तोटा शेजारी मांडा. संख्याशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र आणि पैशाचा निर्णय एकाच कागदावर येतात.

खाडीकिनारा

खूप उपयोगी, आभार. दोन शंका. उपकरणांसाठी पैसे मर्यादित आहेत, काय आधी घ्यावं? आणि व्यवस्थापन शिकवणार कोण? आमच्याकडे वाणिज्यचे शिक्षक आहेत, पण जैवतंत्रज्ञान उद्योग पाहिलेले कुणी नाही.

पऱ्ह्याकाठ

उपकरणं: आधी ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र), दोन लॅमिनार, पीसीआर यंत्र, जेलचा संच आणि 3 ते 5 लिटरचा किण्वक (फर्मेंटर). एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) पहिल्या वर्षी घेऊ नका. स्तंभ, शुद्ध द्रावकं, देखभाल करार, सगळं सतत खातं. नमुने बाहेर पैसे देऊन तपासा आणि तीन प्रयोगशाळांकडून दरपत्रकं मुलांनाच मागवायला लावा.

उणे 80 चा फ्रीझर जनित्राशिवाय घेणं म्हणजे पावसाळ्यात नमुने वितळवणं. उणे 20 वर भागतं तिथे भागवा. आपल्याकडची खारी, दमट हवा इलेक्ट्रॉनिक्सला खाते, म्हणून यंत्रांच्या खोलीत डिह्युमिडिफायर लावा आणि खिडक्या बंदच ठेवा. संवर्धन खोलीत बुरशी जून ते सप्टेंबर जास्त येते. ऊतीसंवर्धनाचं मुख्य प्रात्यक्षिक दुसऱ्या सत्रात ठेवा, म्हणजे ते हिवाळ्या-उन्हाळ्यात पडेल.

किण्वकाबद्दल एक गोष्ट शिकवाच. 5 लिटरचं 500 लिटर केलं आणि आकार तोच ठेवला तर घनफळ 100 पट होतं, पृष्ठभाग साधारण 21 पटच. थंड करायला जागा तुलनेने कमी पडते आणि ऑक्सिजन पोचवणंही अवघड होतं. म्हणून बाकावरचा उत्पादन खर्च शंभराने गुणून प्रकल्प अहवाल लिहिता येत नाही. बँकेकडे जाणाऱ्या अहवालांत हीच चूक असते.

सड्यावरचा

शिक्षकांबद्दल. वाणिज्यच्या शिक्षकांना परिव्यय लेखांकन उत्तम येतं, त्यांना बाजूला ठेवू नका. फक्त उदाहरणं बदलून द्या. खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याऐवजी किण्वनाची तुकडी, जिथे अपयशी तुकडीचा खर्च यशस्वी तुकड्यांवर टाकावा लागतो. उद्योगातल्या माणसांसाठी यूजीसीची ‘प्राध्यापक ऑफ प्रॅक्टिस’ सोय 2022 पासून आहे. 15 वर्षांचा अनुभव लागतो आणि मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच नेमता येतात. एका छोट्या विभागाच्या वाट्याला त्यातून फारसं येत नाही, त्यामुळे मानधनावरचे अतिथी व्याख्याते हवेतच. लोटे, महाड इथल्या कारखान्यांतले गुणवत्ता विभागाचे लोक शनिवारी येऊ शकतात. त्यांच्याकडून व्याख्यान नको, तुकडीची नोंदवही कशी भरायची आणि त्रुटी सापडल्यावर चौकशी कशी लिहायची, एवढंच शिकवून घ्या.

नियमन आणि बौद्धिक संपदा कोकणासाठी विशेष महत्त्वाची. विद्यार्थ्याने कोकमाच्या सालीतल्या घटकावर काही नवं काढलं, पोस्टर लावलं आणि मग पेटंटचा विचार केला, तर नावीन्य बहुधा संपलेलं असतं. आधी तात्पुरता अर्ज, मग पोस्टर. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशिलाला 12 महिने मिळतात. शिवाय कोकम हे जैविक संसाधन, म्हणून जैविक विविधता कायदा 2002 लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पारंपरिक ज्ञान नुसतं नव्या शब्दांत मांडलं तर पेटंट कायद्याचं कलम 3(पी) आडवं येतं. मुलांना कलमं पाठ नकोत, एक खरा अर्ज भरून घ्या.

चौथ्या सत्रात बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचा मसुदा लिहायला लावा. 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळतात. मिळो न मिळो, कुठला प्रयोग कुठल्या महिन्यात आणि किती रुपयांत हे लिहायची सवय लागते.

मुरूड_माड

कार्यप्रशिक्षणाचे 4 श्रेयांक म्हणजे 120 तास, जेमतेम तीन आठवडे. एवढ्यात मुलाला कच्चा माल आत येण्यापासून माल बाहेर जाईपर्यंत एक तुकडीही पुरी दिसत नाही. ते दुसऱ्या सत्राअखेर, एप्रिल-मेमध्ये ठेवा आणि सुट्टी धरून सहा-आठ आठवडे करा. काजू, आंबा, कोकम सगळं तेव्हाच चालू असतं. कारखान्यालाही हात हवे असतात, त्यामुळे नकार कमी येतात. मात्र पत्रव्यवहार डिसेंबरात सुरू करा, आणि मुलाला नुसतं पॅकिंगला उभं करणार नाहीत हे करारात लिहून घ्या: किमान दोन आठवडे गुणवत्ता, एक आठवडा खरेदी. खरेदीचा आठवडा सोडू नका. हंगामात रोखीने घेतलेला माल पुढे वर्षभर उधारीवर विकताना खेळतं भांडवल कुठे अडकतं, ते तिथेच कळतं.